कमरेला पिस्तूल आणि समोर पोलीस: टेक्सासमधल्या मराठी माणसासाठी सविस्तर मार्गदर्शन

ह्यूस्टनच्या पश्चिमेला शहर मागे पडतं आणि गुरांची कुरणं सुरू होतात, तिथे आमची चार एकर जागा आहे. रानडुकरांचा कळप एका रात्रीत अख्खी भाजी उकरून टाकतो. त्यामुळे बाहेर काम करताना माझ्या उजव्या कमरेला पिस्तूल असतं, आणि मधेच कुंपणाची तार आणायला दुकानात जावं लागलं तर ते तसंच असतं. उघडं, होल्स्टरमध्ये, म्हणजे पट्ट्याला लावलेल्या पिस्तुलाच्या म्यानात, सगळ्यांना दिसेल असं. टेक्सासात हे कायदेशीर आहे.

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी पंपावर पेट्रोल भरत होतो. कुणीतरी ९११ ला फोन केला की एक माणूस बंदूक लावून उभा आहे. शेरीफच्या खात्याची गाडी आली, डेप्युटी उतरला, आणि पुण्यात लहानपणापासून जे बघत आलो तेच मी केलं. नळी जागेवर अडकवली आणि हसतमुखाने त्याच्याकडे दोन पावलं चालत गेलो. त्याचा हात झटकन स्वतःच्या पिस्तुलावर गेला. "स्टॉप! स्टॉप राइट देअर!" मी थिजलो. पुढची दहा मिनिटं शांतपणे गेली. त्याने माझी कागदपत्रं पाहिली, दोन प्रश्न विचारले आणि तो निघून गेला. पण ती दोन पावलं आठवून मला अजूनही मध्यरात्री जाग येते.

आपल्याकडे पोलिसाने हात दाखवला की गाडीतून उतरायचं, पुढे जायचं, "काय झालं साहेब?" विचारायचं, आणि विचारण्याआधीच खिशातून कागद काढायचे. हा आपला आदर दाखवायचा प्रकार आहे. इथे कमरेला शस्त्र असताना यातली प्रत्येक हालचाल समोरच्याला हल्ल्याची सुरुवात वाटू शकते. या सवयी अंगात मुरलेल्या असतात, त्यामुळे ऐनवेळी डोकं चालायच्या आत पाय चालतात. म्हणून पुढे लिहिलेलं नुसतं वाचून भागणार नाही, घरी सराव करावा लागेल.

मी वकील नाही. इथे मुख्यतः टेक्सासचा कायदा आहे, आणि जिथे दुसऱ्या राज्याचं उदाहरण आहे तिथे तसं सांगितलं आहे.

पहिली पायरी: पिस्तुलाच्या आधी व्हिसा

ही पायरी आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि दुकानातला विक्रेता किंवा ऑफिसातला अमेरिकन मित्र ती सांगेलच असं नाही. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ असा कुठलाही तात्पुरता व्हिसा असेल तर फेडरल कायद्यानुसार तुम्हाला बंदूकही बाळगता येत नाही आणि काडतूसही नाही. टेक्सास काय म्हणतं याने इथे काहीच फरक पडत नाही. २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षं आहे. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर अपवाद आहे, पण त्या अपवादाच्या जोरावर रोज कमरेला पिस्तूल लावून फिरण्याचा विचार इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलल्याशिवाय करू नका.

"बाळगणं" म्हणजे नुसती मालकी नव्हे. मित्राचं पिस्तूल नेमबाजीच्या रेंजवर हातात घेतलं तरी ते बाळगणंच. फ्लोरिडात एका परदेशी विद्यार्थ्याला विद्यापीठाने काढून टाकलं, त्याचा व्हिसाचा दर्जा संपला, आणि नंतर तो शूटिंग रेंजवर गेला म्हणून त्याच्यावर फेडरल खटला झाला. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २०१९ मध्ये कोर्टाने म्हटलं की आपला दर्जा संपलाय हे आरोपीला माहीत होतं हेसुद्धा सरकारला सिद्ध करावं लागेल. पण तोवर त्या मुलाने शिक्षा ऐकलेली होती. नाताळात भारतातून आलेल्या आईवडिलांना किंवा भाच्याला "मजा म्हणून" रेंजवर नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

ग्रीन कार्ड असेल तर शस्त्र घेता येतं आणि बाळगताही येतं. मात्र शस्त्रासंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर ग्रीन कार्ड असूनही देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते. इथे जन्मलेल्या शेजाऱ्याला जी चूक दंडावर भागेल, ती तुमचं इथलं घर उठवू शकते. त्याच्याइतकीच बेफिकिरी आपल्याला परवडत नाही, आणि या एका कारणासाठी मी नियमांच्या बाबतीत दुप्पट काटेकोर राहतो.

दुसरी पायरी: राज्य, जागा, पाटी

टेक्सासात १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकांना पिस्तूल उघडपणे बाळगता येऊ लागलं. १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला परवान्याशिवायही ते करता येतं. अट एकच आणि ती पक्की: उघडं दिसणारं पिस्तूल होल्स्टरमध्ये हवं. पँटच्या पट्ट्यात खोचलेलं चालत नाही, गाडीच्या सीटवर नुसतं ठेवलेलंही चालत नाही.

राज्याची सीमा ओलांडली की सगळं बदलतं. इलिनॉयमध्ये ओपन कॅरीला, म्हणजे शस्त्र उघडपणे बाळगायला, बंदी आहे, न्यूयॉर्कमध्येही बंदी आहे. फ्लोरिडात वर्षानुवर्षं बंदी होती, ती सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या अपील कोर्टाच्या निकालाने उठली. म्हणजे गेल्या वर्षी वाचलेली माहिती यंदा खरी असेलच असं नाही. दुसऱ्या राज्यातून नुसतं पुढे जायचं असेल तर पिस्तूल रिकामं करून, हाताला लागणार नाही असं, कुलूपबंद डब्यात ठेवा.

टेक्सासातल्या पाट्या वाचायला शिका. दारावर मोठ्या अक्षरांत, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये ३०.०७ कलमाची पाटी असेल तर उघडं पिस्तूल घेऊन आत जायचं नाही. ३०.०६ ची पाटी झाकून बाळगण्याबद्दल आहे. लाल रंगात ५१ टक्के लिहिलं असेल तर ती जागा मुख्यतः दारूविक्रीवर चालते, तिथे शस्त्र न्यायचंच नाही. शाळा, मतदान केंद्र, कोर्ट आणि विमानतळाचा सुरक्षा तपासणीपलीकडचा भाग ही नावं पाठ असू द्या. फेडरल इमारतींत फेडरल कायदा चालतो, आणि नागरिकत्वासाठी बोटांचे ठसे द्यायला आपण जातो ते कार्यालयही त्यातच येतं. पाटी नसली आणि दुकानदाराने तोंडी "बाहेर जा" म्हटलं, तर वाद न घालता बाहेर पडा. थांबलात तर तो अनधिकृत प्रवेशाचा गुन्हा होतो.

लांब नळीची बंदूक खांद्याला लावून फिरणं टेक्सासात कायदेशीर असलं तरी गावात मी ते कधीच करत नाही, आणि तुम्हीही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. लोकांना घाबरवेल अशा रीतीने शस्त्र दाखवणं हा इथे वेगळा गुन्हा आहे, आणि "अशा रीतीने" म्हणजे काय हे त्या क्षणी समोरचा पोलीस ठरवतो.

तिसरी पायरी: परवान्याची सक्ती नसली तरी परवाना काढा

टेक्सासचा लायसन्स टू कॅरी, म्हणजे एलटीसी, राज्याचं सार्वजनिक सुरक्षा खातं देतं. चार ते सहा तासांचा वर्ग, नेमबाजीची परीक्षा, बोटांचे ठसे, ४० डॉलर फी. "आता गरज नाही ना, मग कशाला?" असं मला अनेकांनी विचारलंय. पहिलं कारण शाळांचं आहे. फेडरल कायद्याने शाळेच्या हद्दीपासून १,००० फुटांत शस्त्र बाळगायला बंदी आहे, आणि राज्याचा परवाना असलेल्याला त्यातून सूट मिळते. तुमच्या घरापासून दुकानापर्यंतच्या रस्त्यात किती शाळा लागतात ते मोजून बघा.

दुसरं कारण पोलिसाच्या हातात जाणारं कार्ड. ते पाहिल्यावर त्याला दोन गोष्टी लगेच कळतात: या माणसाची पार्श्वभूमी तपासली गेली आहे आणि याला निदान मूलभूत शिकवण मिळाली आहे. माझ्या अनुभवात ते कार्ड दिलं की समोरच्याचे खांदे जरा सैल होतात.

परवान्याबरोबर एक बंधनही येतं. शस्त्र जवळ असताना पोलिसाने ओळख मागितली तर ड्रायव्हिंग लायसन्स आणि एलटीसी दोन्ही दाखवावं लागतं. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत. मिशिगनमध्ये झाकून शस्त्र बाळगणाऱ्या परवानाधारकाने पोलिसाने थांबवल्याबरोबर, न विचारता सांगायचं असतं. ओहायोत जून २०२२ पासून विचारलं तरच खरं सांगायची सक्ती आहे.

चौथी पायरी: घरातून निघताना खिसे

ही पायरी कुठल्या वर्गात शिकवलेली मी पाहिली नाही, आणि माझ्या मते जीव वाचवणारी हीच आहे. शस्त्र ज्या बाजूला, त्या बाजूच्या खिशात दुसरं काहीही ठेवायचं नाही. पिस्तूल उजव्या कमरेला असेल तर पाकीट, फोन, किल्ल्या, रुमाल सगळं डावीकडे किंवा शर्टाच्या वरच्या खिशात. म्हणजे ओळखपत्र काढताना हात शस्त्राच्या जवळपासही जात नाही.

हे मी कशामुळे शिकलो ते सांगतो. ६ जुलै २०१६ ला मिनेसोटात फाल्कन हाइट्स इथे फिलांडो कॅस्टील या ३२ वर्षांच्या माणसाची गाडी पोलिसाने थांबवली. त्यांच्याकडे परवाना होता. माझ्याकडे शस्त्र आहे, असं त्यांनी स्वतःहून शांतपणे सांगितलं. पोलिसाने आधी लायसन्स मागितलं होतं. पुढच्या काही सेकंदांत पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. गाडीत त्यांची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. पोलिसाच्या म्हणण्यानुसार त्याला वाटलं की ते पिस्तूल काढताहेत. २०१७ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. चूक कॅस्टील यांची होती असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांनी जे सांगायला हवं ते सांगितलं होतं. पण लायसन्स आणि शस्त्र हे दोन शब्द एकाच वेळी हवेत असताना हात हलला की काय होऊ शकतं, ते त्या चित्रफितीत दिसतं. माझं पाकीट त्या दिवसापासून डावीकडे आहे.

होल्स्टर असं घ्या की ज्यात पिस्तूल अडकून बसतं आणि विशिष्ट कळ दाबल्याशिवाय निघत नाही. उघड्या शस्त्रावर दुसऱ्या कुणाचा हात पडू शकतो, हा ओपन कॅरीचा खरा धोका आहे. शिवाय चालताना, बोलताना होल्स्टर नीट करायला, पट्टा वर ओढायला हात नेण्याची सवय असेल तर ती मोडा. पोलिसासमोर ती एक हालचाल फार महाग पडेल.

पाचवी पायरी: पायी असताना पोलीस आला तर

जिथे आहात तिथेच थांबा. पुढे जाऊ नका, मागे फिरू नका. दोन्ही तळवे दिसतील असे हात छातीच्या उंचीवर, शरीरापासून थोडे दूर धरा. हात जोडून नमस्कार नको, खिशात हात नको, पाठीमागे हात बांधून उभं राहणं तर नकोच. हातात काही असेल तर, अगदी फोनसुद्धा, ते काय आहे हे दिसू द्या आणि सांगितल्याशिवाय ते खिशात घालू नका.

ऑगस्ट २०१४ मध्ये ओहायोत बीव्हरक्रीकच्या एका वॉलमार्टमध्ये जॉन क्रॉफर्ड या २२ वर्षांच्या तरुणाने दुकानातल्याच फळीवरची छऱ्याची बंदूक हातात घेतली होती. कुणीतरी ९११ ला फोन करून सांगितलं की एक माणूस लोकांवर बंदूक रोखतोय. पोलीस आले आणि त्यांनी त्याला गोळी घातली. ओहायो हे ओपन कॅरीचं राज्य, आणि ती वस्तू खरी बंदूकही नव्हती. फोन करणाऱ्याने जे सांगितलं तेवढंच पोलिसाच्या कानावर गेलेलं असतं. तुम्ही कोण, किती वर्षं इथे राहताय, मुलांना शाळेतून कोण आणतं, यातलं काहीच त्याला माहीत नसतं. म्हणून पहिल्या मिनिटात तुमचे हात जे सांगतात तेच खरं धरलं जातं.

पहिलं वाक्य तयार ठेवा आणि इंग्रजीतच पाठ करा, कारण घाबरल्यावर भाषा सुचत नाही: "गुड इव्हनिंग, ऑफिसर. आय हॅव अ लायसन्स टू कॅरी. व्हॉट वुड यू लाइक मी टू डू?" उत्तर तोंडाने द्या. आपली मान डावी-उजवीकडे डोलावण्याची "हो" इथे कुणाला कळत नाही, तिचा अर्थ "नाही" असा घेतला जातो. "येस, सर" किंवा "येस, मॅम" स्पष्ट म्हणा.

आता कायदा थोडा समजून घ्या, कारण तो कळला की मन शांत राहतं. पोलीस तुमच्याशी सहज बोलू शकतो, तेव्हा तुम्ही उत्तर देऊ शकता किंवा निघूनही जाऊ शकता. तो तुम्हाला थांबवून ठेवू शकतो, पण त्यासाठी त्याच्याकडे गुन्ह्याचा वाजवी संशय हवा, हे सुप्रीम कोर्टाने १९६८ च्या टेरी विरुद्ध ओहायो खटल्यात ठरवलं. तिसरा प्रकार अटकेचा. जिथे ओपन कॅरी कायदेशीर आहे तिथे नुसतं शस्त्र दिसलं एवढ्यावर थांबवून ठेवता येतं का? ओहायोतल्या टोलेडोत एक गृहस्थ पत्नी, मुलगी आणि नातवाबरोबर कुत्रा फिरवत होते, कमरेला पिस्तूल होतं. मोटरसायकलवरून जाणाऱ्या एकाने तक्रार केली, पोलिसाने त्यांना बेड्या घालून जवळजवळ अर्धा तास ठेवलं. २०१५ मध्ये सहाव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे काही राज्यांचा मिळून एक फेडरल न्यायविभाग) अपील कोर्टाने त्या गृहस्थांच्या बाजूने कौल दिला: जे करायला कायदा परवानगी देतो, तेवढंच केल्यावरून संशय घेता येत नाही. उत्तर कॅरोलिनातल्या एका खटल्यात चौथ्या सर्किटने २०१३ मध्ये असंच म्हटलं होतं.

पण त्या गृहस्थांची घटना २०१० ची आणि निकाल २०१५ चा. मधली पाच वर्षं बघा. फुटपाथवर उभं राहून हा निकाल पोलिसाला ऐकवायचा नाही. विचारायचं ते एकच, शांत आवाजात, आणि एकदाच: "ऑफिसर, ॲम आय फ्री टू गो?" हो म्हणाला तर धन्यवाद म्हणा आणि सावकाश निघा. नाही म्हणाला तर थांबा. खोटं नाव किंवा खोटी जन्मतारीख कधीही सांगू नका, थांबवून ठेवलेलं असताना तो टेक्सासात गुन्हा आहे. मी माझं नाव नेहमी सांगतो.

सहावी पायरी: गाडी थांबवली तर

मागे लाल-निळे दिवे दिसले की सिग्नल द्या, वेग कमी करा, उजवीकडे सुरक्षित जागा पाहून थांबा. अंधार असेल तर दिवे लावून सावकाश उजेडाच्या जागी, पंपावर किंवा दुकानाच्या पार्किंगमध्ये जाणं बरं. इंजिन बंद, आतला दिवा चालू. काचा काळ्या असतील तर चारही खाली. मग दोन्ही हात स्टिअरिंगच्या वरच्या भागावर, बोटं पसरून. गाडीतून उतरायचं नाही. हे वाक्य मी घरातल्या प्रत्येकाला शंभरदा सांगितलंय. पोलीस मागच्या गाडीत बसून तुमचा नंबर तपासतो, त्यात चार-पाच मिनिटं जातात, आणि आपल्या लोकांना वाटतं की तो वाट बघतोय, आपण जायला हवं. जाऊ नका.

त्या चार-पाच मिनिटांत दुसरा मोह होतो तो डॅशबोर्डचा कप्पा उघडून कागद काढून ठेवण्याचा. मागून पोलिसाला फक्त वाकलेलं डोकं आणि खाली गेलेला खांदा दिसतो. म्हणून गाडीचे कागद वरच्या उन्हाच्या झडपेला लावून ठेवा, आणि पिस्तूल असलेल्या कप्प्यात तर ते कधीच नकोत. विम्याचा पुरावा टेक्सासात फोनवरही चालतो. फोन आधीपासून डॅशबोर्डवरच्या स्टँडवर असू द्या.

सीटबेल्टचाही विचार करा. पिस्तूल उजव्या कमरेला आणि बेल्टची कळही उजवीकडेच. बेल्ट काढायला गेलेला हात सरळ शस्त्राकडे जातो. सांगितल्याशिवाय बेल्ट काढू नका, आणि सांगितलं तर आधी बोला, मग हात हलवा.

तो खिडकीशी आला की हे वाक्य: "ऑफिसर, आय हॅव अ लायसन्स टू कॅरी अँड आय ॲम कॅरिंग टुडे, ऑन माय राइट हिप. माय वॉलेट इज इन माय लेफ्ट पॉकेट. हाउ वुड यू लाइक मी टू प्रोसीड?" "गन" या शब्दाने वाक्य सुरू करू नका. रस्त्यावरून ट्रक धडधडत जात असताना त्याला तेवढा एकच शब्द ऐकू येईल. परवाना आधी, जागा नंतर, आणि शेवटी प्रश्न, म्हणजे पुढची सूचना त्याची असेल. तो "लायसन्स दे" म्हणाला तर "आय ॲम गोइंग टू रीच विथ माय लेफ्ट हँड" असं म्हणा, त्याच्या होकाराची वाट बघा, आणि मध पडल्यासारखा सावकाश हात हलवा.

परवाना नसेल तर टेक्सासात न विचारता सांगायची सक्ती नाही. तरीही पिस्तूल त्याला दिसणारच असेल, तर त्याने पाहण्याआधी मी सांगणं पसंत करेन.

बाहेर उतरायला सांगितलं तर उतरा. १९७७ च्या पेन्सिल्व्हेनिया विरुद्ध मिम्स निकालापासून वाहतुकीसाठी थांबवलेल्या चालकाला पोलीस खाली उतरवू शकतो. त्या खटल्यात खाली उतरलेल्या माणसाच्या जाकिटाखाली फुगवटा दिसला आणि तिथे पिस्तूल निघालं होतं. उतरताना हात वर, पाठ त्याच्याकडे करायला सांगितली तर तशी करा.

आणि एक गोष्ट लिहितानाही वाईट वाटतं, पण लिहायलाच हवी. पाकिटातून नोटा काढून लायसन्सबरोबर पुढे करू नका. टेल-लाइटसाठी नुसत्या ताकिदीवर सुटणारं प्रकरण लाचेचा गंभीर गुन्हा होऊन बसेल.

सातवी पायरी: शस्त्र काढून घेतलं तर

स्वतःच्या, तुमच्या किंवा इतरांच्या सुरक्षेसाठी गरज वाटली तर पोलीस परवानाधारकाचं शस्त्र तात्पुरतं ताब्यात घेऊ शकतो, आणि अटक किंवा गुन्हा नसेल तर तिथून सोडण्याआधी परत द्यावं लागतं. हे टेक्सासच्या कायद्यात लिहिलेलं आहे. याचा अपमान वाटून घेऊ नका. फक्त पिस्तूल स्वतःच्या हाताने काढून देऊ नका. "मला दे" असं तो म्हणाला तर हात वर ठेवून म्हणा: "आय वुड प्रिफर दॅट यू टेक इट, सर. देअर इज अ राउंड इन द चेंबर." होल्स्टर कुठल्या कळीने उघडतं तेही सांगा, कारण ओढाताणीत गोळी सुटण्याचा धोका खरा असतो. परत देताना ते रिकामं करून, मॅगझिन वेगळं करून देतात, कधी सामानाच्या डिकीत ठेवतात. तो जाईपर्यंत त्याला हात लावू नका. रस्त्याच्या कडेला भरत बसू नका, घरी जाऊन भरा.

आठवी पायरी: "नाही" कसं म्हणायचं

गाडी तपासू का, असं विचारलं तर नाही म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे: "आय डोन्ट कन्सेंट टू सर्चेस, ऑफिसर." एवढंच, तेही मऊ आवाजात. त्याने तरीही तपासलं तर हाताने अडवू नका, अंग आडवं घालू नका. तुमचं वाक्य बॉडीकॅमवर, म्हणजे पोलिसाच्या अंगावरच्या कॅमेऱ्यावर, नोंदलं गेलेलं आहे, ते वकिलाच्या कामी येईल. वाहतुकीच्या कारणासाठी थांबवलं असेल तर ते काम संपल्यावर थांबवणं उगाच लांबवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या २०१५ च्या रॉड्रिगेझ निकालात आहे, आणि तेही वकिलानेच मांडायचं. शस्त्र का बाळगता, कुणाशी भांडण आहे का, कुठे निघालात, अशा प्रश्नांची लांबलचक उत्तरं देऊ नका. आपल्याला समजावून सांगायची हौस असते. अटक झालीच तर नाव-पत्ता सांगा आणि "आय वॉन्ट अ लॉयर" म्हणून गप्प बसा. ग्रीन कार्डवर असाल तर क्रिमिनल वकिलाच्या बरोबर इमिग्रेशनचा वकीलही हवा. गुन्हा कबूल करून दंड भरण्याचा सल्ला एकासाठी सोयीचा आणि दुसऱ्यासाठी घातक असू शकतो.

नववी पायरी: गाडीतली माणसं

फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसनमध्ये गुजरातमधून मुलाकडे आलेले एक आजोबा सकाळी घराजवळ फिरत होते. शेजाऱ्याने संशयास्पद माणूस म्हणून पोलिसांना फोन केला. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं आणि त्यांना अंशतः पक्षाघात झाला. त्यांच्याकडे शस्त्र वगैरे काहीच नव्हतं. माझी आई नाशिकहून आली तेव्हा पहिल्या आठवड्यात मी तिला ही गोष्ट सांगितली. नंतर आम्ही अंगणात गाडी लावून सराव केला. मी चालक, मुलगी पोलीस, आई मागच्या सीटवर.

आई-बाबा गाडीत असतील आणि तुमच्याकडे शस्त्र असेल तर त्यांना आधीच सांगा: हात पुढच्या सीटच्या पाठीवर, पर्समध्ये हात नाही, आणि "काय झालं रे?" असं मोठ्याने विचारायचं नाही. अनोळखी भाषेत मागून चढलेला आवाज पोलिसाला अस्वस्थ करतो. तुम्हीही त्यांच्याशी मराठीत बोलण्याआधी पोलिसाला विचारा: "कॅन आय एक्सप्लेन टू माय मदर इन अवर लँग्वेज?" पहिल्या सरावात आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला, काळजीने. दुसऱ्या वेळी हात सीटवर राहिले, पण ती बोलली. तिसऱ्या वेळी जमलं. आणि खरं सांगायचं तर आई बरोबर असताना मी आता पिस्तूल घरीच, तिजोरीत ठेवतो.

दहावी पायरी: घरी आल्यावर

सगळं नीट झालं असेल तरी त्याच रात्री लिहून ठेवा: वेळ, जागा, गाडीचा क्रमांक, पोलिसाचं नाव किंवा बिल्ला क्रमांक, कोण काय म्हणालं. अन्याय झाला असं वाटत असेल तर समाजमाध्यमांवर लिहिण्याआधी वकिलाला भेटा. पोलिसाचं चित्रीकरण करण्याचा हक्क पाचव्या सर्किटच्या कोर्टाने २०१७ मध्ये मान्य केला आहे, आणि टेक्सास त्याच सर्किटमध्ये येतं. तुमच्या डॅशकॅमची फीत त्यावर पुन्हा काही नोंदलं जाण्याआधी उतरवून घ्या. त्या खात्याच्या बॉडीकॅमची प्रत मागता येते. त्यासाठी अर्जात तारीख आणि साधारण वेळ, नेमकी जागा, आणि चित्रीकरणात असलेल्या निदान एका माणसाचं नाव द्यावं लागतं. ती फीत किमान ९० दिवस ठेवायची सक्ती खात्यावर आहे, त्यामुळे अर्ज पहिल्याच आठवड्यात करा.